डोंगराचा रतीब

ही कथा तीन तऱ्हांनी सांगितली जाते. नगरातल्या पाठात नायक राजपुत्र आहे. तो तीन राक्षस मारतो, राजकन्या वरतो आणि आटलेली नदी त्याच्या वरातीबरोबर परत येते. डोंगरातल्या पाठात नायक कोणीच नाही; तेथे नदी रुसून माहेरी जाते आणि सासरच्यांनी नाक घासल्यावर परतते. तिसरा पाठ मापाऱ्यांच्या घराण्यांत चालत आला. धान्याच्या राशी मापून देणे हा त्यांचा व्यवसाय. त्यामुळे त्यांच्या कथेत तलवार नाही, वरात नाही. सौदा मात्र आहे. तिन्हींत हाच पाठ जुना असावा, कारण मागाहून भर घालणारा मनुष्य राक्षस वाढवतो, हिशेब वाढवीत नाही. तोच येथे दिला आहे.

एका राज्यात, ज्याच्या सीमा सांगणाराला ठाऊक नाहीत आणि ऐकणाराने विचारायच्या नसतात, सुवहा नावाची नदी होती. ती धुक्याच्या डोंगरावर उगवे, मोहोळांच्या कड्याखालून वाही, नगराच्या घाटाला लागे आणि पुढे तिवरांच्या खाजणातून समुद्राला मिळे. नगराचा बाजार मोठा होता आणि त्याचे नियम राजाच्या आज्ञेहून जुने होते. त्यांतला एक नियम असा की माल मापात पडल्याशिवाय दाम द्यायचे नाहीत. दुसरा असा की दिवस मावळेपर्यंत ज्या मालाला कोणी भाव बोलणार नाही, तो वेशीबाहेर फेकून द्यायचा.

राजा अर्घ्यसेनाच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी त्या बाजारात एक मांत्रिक आला. त्याने तीन मडकी मांडली. पहिल्यात डोंगरावरचे धुके होते, दुसऱ्यात कड्यावरच्या मधमाश्यांची गुणगुण होती, तिसऱ्यात खाजणाचा चिखल होता. तो दिवसभर बसून राहिला. नगरशेट गुणनिधी याने मडक्यांत डोकावून विचारले की हे तर आम्हांला रोज फुकट मिळते, मग विकत कोण घेईल. सगळा बाजार हसला. मावळतीला हमालांनी नियमाप्रमाणे तिन्ही मडकी वेशीबाहेर फेकली व ती फुटली.

मांत्रिक रागावला नाही असे सर्व पाठ सांगतात. तो एवढेच म्हणाला, “तुमचा नियम तुम्हांला लागो. ज्याला तुमच्या बाजारात भाव नाही, ते तुमच्या राज्यात उरणार नाही. या तीन मडक्यांचा सौदा ज्या दिवशी पुरा होईल, त्या दिवशी शाप उतरेल.”

त्या वर्षी आंब्यांना मोहोर आला, पण फळ धरले नाही, कारण मोहोरावर बसायला माशीच आली नाही. दुसऱ्या वर्षी डोंगरावर धुके उतरले नाही आणि सुवहा घाटाच्या चार पायऱ्या खाली गेली. तिसऱ्या वर्षी खाजण खचले. समुद्र भरतीला नगरात शिरला आणि विहिरी खारट झाल्या.

तेव्हा राजाने मांत्रिकाचे बोल आठवले आणि दवंडी पिटवली. धुके धरणाऱ्या झाडांना गाडीमागे तीस टके, माश्यांना मापामागे दहा टके, खाजणाच्या चिखलाला पाटीमागे दोन टके; ज्याने त्याने आणावे आणि दाम घेऊन जावे. राजाचा हेतू शुद्ध होता. पण जे लोक मापात पडल्याशिवाय कशालाच माल म्हणत नाहीत, त्यांच्या हातून दुसरे काय घडणार? डोंगरावरची झाडे तुटून गाड्यांत भरली गेली. माश्या धुरी देऊन भोपळ्यांत भरून आल्या, आणि बाजारात पोहोचेपर्यंत मेल्या. खाजणाचा चिखल पाट्यांनी उपसला गेला. सगळ्यांना चोख दाम मिळाले. महिन्याभरात सुवहा आणखी नऊ पायऱ्या उतरली, आणि घाटाला आता पायऱ्याच उरल्या नाहीत.

राजाने ज्योतिष्यांना, वैद्यांना, विहिरी खणणाऱ्यांना विचारले. शेवटी त्याने ठरवले की येत्या पौर्णिमेला नगर रिकामे करावे आणि प्रजेने जिकडे पाणी मिळेल तिकडे जावे.

या बाजारात आवडाई नावाची मापारीण होती. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हते. बाजाराला लागूनच घर होते आणि त्याच्या ओट्यावर म्हातारा बाप बसे, लखू मापारी. त्याचे पाय सात वर्षांपूर्वी गेले होते. शेजाऱ्यांनी सांगितले की त्याला डोलीत घालून नेऊ. लखूने उत्तर दिले की माझा जन्म या ओट्यावर झाला. मला इथून चौघे उचलतील, पण डोलीत नव्हे. आवडाईने विनवले, रागावली, दोन दिवस बोलली नाही. म्हातारा ढळला नाही. पौर्णिमेला नगर रिकामे झाले की तो ओट्यावर तहानेने मरणार, आणि त्याला सोडून ती जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. त्या पौर्णिमेला अठ्ठावीस दिवस होते.

त्या सकाळी ती मेलेल्या माश्या मापत होती. मापाऱ्यांची रीत अशी की पहिले माप टाकताना ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. मग दोन, तीन. तिने ‘लाभ’ म्हणून अधोली, म्हणजे हातातले माप, उपडी केली आणि तिचा हात तसाच राहिला.

ओट्यावरून लखू म्हणाला, “काय झाले? आकडे विसरलीस?”

“बा, जितके मापते तितके राज्यात कमी होते.”

“मग मापतेस कशाला? दुभती गाय कोणी मापात घालते का, आवडे? गाय गवळ्याच्या गोठ्यात राहते. आपण रतीब लावतो. दूध आले तर दाम, नाही आले तर नाही. गाय कापून आणलीस तर एक दिवस मांस खाशील आणि दुसऱ्या दिवशी गवळ्याच्या दाराशी भांडे घेऊन रडशील.”

आवडाईने अधोली खाली ठेवली. तेवढ्यात वखारीच्या छपरावर एक मोठा धनेश पक्षी येऊन बसला. त्याची चोच पिवळी होती आणि तो माणसाच्या भाषेत बोलत असे. त्या काळी याचे कोणाला विशेष वाटत नसे. त्याने विचारले, “मापारीणबाई, या माश्या जिवंत का मापत नाहीस?”

“जिवंत उडून जातात.”

“मग उडतात तिथे चल. माझी बायको डोंगरावर ढोलीत बसली आहे. तिने दार चिखलाने लिंपून घेतले आहे, आणि शेजारच्या झाडापर्यंत कुऱ्हाड आली आहे. मलाही पौर्णिमेपर्यंतच वेळ आहे.”

आवडाईने बापाला शेजारणीच्या हवाली केले, अधोली काखेत मारली, सौद्याचा रुमाल कमरेला खोवला आणि धनेशामागून निघाली. हा रुमाल म्हणजे बाजारातली जुनी चाल. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात आणि तोंडाने न बोलता भाव ठरवतात, म्हणजे भोवतालच्या बघ्यांना तोंड घालता येत नाही.

सात दिवसांनी ती डोंगरावर पोहोचली. तेथे कोळसा पाडणाऱ्यांची वस्ती होती आणि भिवा हा तिचा नाईक. अर्धा डोंगर बोडका झाला होता. आवडाईने येण्याचे कारण सांगितले, तेव्हा भिवाने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, पण बस म्हणाला नाही.

“तुम्ही नगराची माणसे नदीला आई म्हणता,” तो म्हणाला, “आणि आईच्या माहेरी कुऱ्हाड पाठवता. मी झाड तोडले तर तीस टके. न तोडले तर काय? धुके खाऊन माझी पोरे जगतील?”

आवडाईने त्याच्याशी वाद घातला नाही. गाडीभाडे किती, बैलांना वैरण किती, भट्टी फसते किती वेळा, हे तिने एकेक करून विचारले. सगळे वजा जाता एका घराच्या हाती वर्षाला बारा टके उरतात, असे निघाले. भिवाने हा हिशेब पूर्वी कधी केला नव्हता. तो ऐकून त्याने तिला घोंगडी टाकून दिली. मग दोघांचे हात रुमालाखाली गेले. बराच वेळ बोटे हलली. शेवटी दर घराला सोळा टक्यांवर भाव थांबला.

“हे यंदाचे झाले. पुढे?” भिवाने विचारले.

“पुढच्या वर्षी झाडे उभी असतील तर पुन्हा सोळा. नसतील तर काही नाही.”

“म्हणजे आमच्यावर विश्वास नाही.”

“गवळ्यावर विश्वास असतो, नाईक. तरी घरची बाई रोज चरवीत डोकावून बघते.”

भिवा हसला व त्याने तिचे बोट दाबले. रुमाल उचलला तो ओला निघाला. त्याच्याखालून हातभर धुके निघून झाडांत शिरले आणि तेथे वाढू लागले. तिकडे वेशीबाहेर पहिल्या मडक्याच्या खापऱ्या एकमेकींना जोडल्या गेल्या. धनेश आपल्या ढोलीकडे जाऊन आला व म्हणाला की बायको खुशाल आहे, पुढे चला.

मोहोळांच्या कड्यावर सोनकी नावाची म्हातारी होती. दोरावरून लोंबकळून मध काढण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. ती आवडाईला बघून म्हणाली की टके घेऊन आली असशील तर तशीच परत जा. या कड्यावर दुकान नाही, आणि टके माश्यांनाही चालत नाहीत.

आवडाईने मग काही देऊ केले नाही. तिने विचारले, “मावशी, तुम्ही धुरी देऊन सगळे पोळे का जाळता? अर्धे राखले तर पुढच्या वर्षी मध मिळणार नाही का?”

“कोणाला मिळेल?” सोनकी म्हणाली. “राजाचा अंमलदार दर साली कड्याचा लिलाव करतो. यंदा माझा, पुढच्या साली दुसऱ्याचा. सोयऱ्याच्या घरी जेवायला बसलेला माणूस हंडीत उद्याचे ठेवतो का?”

येथे मापाऱ्यांचा पाठ क्षणभर थांबतो आणि सांगणारा श्रोत्यांकडे बघतो, कारण दामाने न सुटणारी ही कथेतली एकच गाठ आहे. आवडाईने रुमाल कमरेचा काढलाच नाही. तिने शब्द दिला की जोवर कड्यावर गुणगुण आहे तोवर कडा सोनकीचा व तिच्यामागे तिच्या लेकीबाळींचा, लिलाव बंद. आणि ज्यांच्या आंब्यांना माशी फळ धरवते, त्या बागाईतदारांनी दर हंगामाला मीठ, कापड आणि शंभरांतले पाच आंबे कड्याला पोहोचवावेत.

सोनकीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “कडा राजाचा, आंबे बागाईतदारांचे. यात तुझे काय आहे गं, बाई?”

“माझे तोंड आहे, मावशी. ते खोटे ठरले तर याच दोराने मला लोंबकळत ठेवा.”

म्हातारीने हातातली धुरीची मशाल दगडावर घासून विझवली. त्याबरोबर कड्याच्या पोटातून एक माशी बाहेर आली, मग दहा, मग त्यांची गणना राहिली नाही. वेशीबाहेर दुसरे मडके सांधले.

ती खाजणाशी पोहोचली तेव्हा पौर्णिमेला चार दिवस उरले होते. तेथे कोणाची वस्ती नव्हती. उपसलेल्या चिखलाच्या खड्ड्यांत खारे पाणी साचले होते, आणि उरलेल्या तिवरांच्या मुळांत तोच मांत्रिक गुडघाभर पाण्यात बसला होता. त्याने स्वतःच हात पुढे केला. आवडाईने रुमाल टाकला, पण खाली तिला बोटे लागली नाहीत. मांत्रिकाने मूठ मिटली होती.

तो म्हणाला, “डोंगर पाणी देतो, ते मोजता येते. माशी फळ देते, तेही मोजता येते. हे खाजण काय देते? लाट येते आणि इथे मरते, म्हणून नगर बुडत नाही. जे घडत नाही त्याचे माप कर.”

आवडाई संध्याकाळपर्यंत चिखलात उभी राहिली. तिच्या अधोलीत न आलेली लाट मावत नव्हती. मग तिला समुद्राकडचा धक्का दिसला. खाजण खचल्यावर समुद्र अडवायला राजाने तो बांधला होता. पहिल्या उधाणाला तो फुटला, पुन्हा बांधला, पुन्हा फुटला. त्याचा चुना मापायला तीच होती.

“धक्क्याला दोन वेळांचे मिळून चोवीस हजार टके लागले,” ती म्हणाली, “आणि तो तुटला. खाजण तेच काम करत होते, तुटत नव्हते, आणि दर साली वाढत होते. धक्का बांधायला वर्षाला जितके लागतात त्यांचा चौथा हिस्सा खाजणाला द्यावा. तिवरे लावणाऱ्यांना, राखणाऱ्यांना. तरी राजाचे तीन हिस्से वाचतात.”

मुठीतले एक बोट उघडले. “भाव ठरला. पण दाम कोठून? राजे बदलतात, खजिने रिकामे होतात.”

“बाजारातून. प्रत्येक राशीचे पहिले माप आजवर राजाच्या कोठारात जाते. यापुढे ते डोंगराचे, कड्याचे आणि खाजणाचे. जोवर बाजार भरेल तोवर रतीब पोहोचेल.”

दुसरे बोट उघडले. “राजाच्या वतीने बोलतेस. विसार काय देतेस?”

आवडाईकडे अधोलीखेरीज काही नव्हते. सात पिढ्यांचे ते माप. ते गेले तर घराण्याचा धंदा गेला. तिने ते त्याच्या हातात दिले. मांत्रिक म्हणाला की पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत पहिली रास नव्या रितीने मापली गेली तर सौदा पुरा. नाही तर अधोली फुटेल, सांधलेली दोन्ही मडकी पुन्हा फुटतील आणि नदी शेवटची निघून जाईल. एवढे बोलून तो तिवराच्या मुळांत मिसळला.

पौर्णिमेच्या दुपारी ती वेशीत शिरली तेव्हा गाड्या भरून उभ्या होत्या. राजा बाजाराच्या चौथऱ्यावर बसून निरोप घेत होता आणि ओट्यावर लखू मापारी कोरड्या ओठांनी, डोळे मिटून पडला होता. आवडाईने राजापुढे सर्व हकीकत सांगितली. काही लपवले नाही, काही वाढवले नाही.

नगरशेट गुणनिधी म्हणाला, “चिखलाने जागच्या जागी पडून राहावे म्हणून दाम? मग मी गादीवर पडून राहतो, त्याचेही मिळावेत.”

ओट्यावरून म्हाताऱ्याचा आवाज आला, “शेटजी, तुम्ही गादीवरून उठून गेलात तरी नगर बुडत नाही. म्हणून तुम्हांला नाहीत.”

तीन वर्षांत त्या बाजारात कोणी हसले नव्हते. त्या दिवशी हसले. राजा मात्र हसला नाही. त्याने आवडाईला विचारले, “माझा हक्क गहाण ठेवायला तुला कोणी सांगितले?”

“कोणी नाही, महाराज. पण नदी गेली तर या बाजारात पहिले माप पडणार नाही आणि शेवटचेही पडणार नाही. जे पडणारच नाही, त्याचा हक्क मी दिला.”

राजाने मावळतीकडे पाहिले. सूर्य वखारीच्या छपराला टेकला. मग त्याने कमरेची कोठाराची किल्ली काढून चौथऱ्यावर ठेवली आणि आज्ञा केली. कड्याचा लिलाव बंद. माल मापात पडल्याशिवाय दाम नाहीत, हा नियम विकाऊ मालापुरता राहील. जो जागी राहूनच उपयोगी पडतो, त्याला जागीच दाम पोहोचतील. आणि पहिले माप ठरल्याप्रमाणे जाईल. गाडीवरची भाताची पोती उतरवून चौथऱ्यावर रास करण्यात आली.

पण मापायला अधोली नव्हती, आणि ज्या घराण्याने विसार दिला त्याच्याखेरीज दुसऱ्याचे माप त्या राशीला चालत नव्हते. तेव्हा लखूने सांगितले की माप नसेल तर मापाऱ्याची ओंजळ माप असते. मला राशीपाशी न्या. सात वर्षे जो कोणाच्या डोलीत बसला नव्हता, त्याला त्याच्या लेकीने पाठुंगळी घेऊन चौथऱ्यावर आणले. म्हाताऱ्याने ओंजळ राशीत घातली, वर काढली आणि बाजाराच्या चारी कोपऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “लाभ.”

तिसरे मडके सांधले. डोंगराच्या माथ्यावर धुके उतरले ते तेथून दिसले. मग घाटाकडून पाण्याचा आवाज आला. सुवहा एकेक पायरी चढत तेराव्या पायरीला पोहोचली आणि तिच्या पहिल्या लोंढ्यावर आवडाईची अधोली तरंगत आली, कोरडी. लोक गाड्या सोडून घाटावर धावले. बैलांना कोणी धरले नाही आणि तेही त्याच दिशेने गेले. आवडाईने ती अधोली भरून बापाच्या तोंडाशी लावली. तो दोन अधोल्या प्यायला आणि म्हणाला की पाणी गोड आहे, माप शिगोशीग आहे.

त्या साली आंब्यांना फळ धरले. सोनकीच्या कड्यावर पाचवा हिस्सा मध काढला गेला, बाकी राखला गेला. खाजणात तिवरांची रोपे लागली आणि आश्विनातले वादळ त्यांच्यात येऊन निजले. धनेशाच्या ढोलीतून त्याची बायको दोन पिलांसह बाहेर आली. गुणनिधीने खाजण राखण्याचा मक्ता मागितला. त्याला सांगण्यात आले की आधी चिखलात उभे राहायला शिका. तो शिकला.

वर्ष भरले तेव्हा डोंगराचा रतीब पोहोचवायला कोणाला पाठवावे, असा प्रश्न निघाला. राजा म्हणाला की मी जातो. तो सात दिवस चालला. आवडाईने त्याच्याबरोबर फिरून उभी झाडे मोजली; ती गेल्या वर्षीहून चाळीस जास्त भरली. राजाने दर घराला सोळा टके आपल्या हाताने दिले. भिवाने स्वतःचे टके दोनदा मोजले, बरोबर निघाले. मग त्याने राजाला घोंगडी टाकून दिली आणि नाचणीची आंबील पुढे ठेवली. राजा ती प्यायला, वाडगा धुऊन पालथा घातला आणि डोंगर उतरू लागला.